पिठाचा शनिवार

कोथळवाडीच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर कधी विकत आणली जात नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, आणि आदल्या दिवशी सकाळी शालूबाई झाकणाचा पितळी डबा काखेत धरून ख्रिस्ती वस्तीतली चाळीस घरं फिरायची. प्रत्येक घरातून एक मूठ गव्हाचं पीठ. ते सगळं एकत्र मळून ती चुलीवर, मंद आचेवर जाड भाकर भाजायची. रविवारी येशूच्या आठवणीत पाळकसाहेब तीच मोडायचे आणि सगळे तिचा तुकडा खायचे.

पीठ घेण्याआधी ती दारात उभी राहून एकच विचारायची, "कोनाच्या मनात तुमच्याबद्दल काही आहे का?"

तुमच्या मनात कोणाविषयी राग आहे का, असा हा प्रश्न नव्हता. आपल्या मनाचं काय, माणूस ते हवं तसं समजावून घेतो. कोणी तुमच्यामुळे दुखावलेलं आहे का, हे विचारायचं. असेल तर आधी त्याच्याकडे जायचं, मिटवायचं, मग पीठ द्यायचं. देवापुढे काही ठेवायला निघालास आणि वाटेत आठवलं की भावाचं मन आपण मोडलंय, तर ते तिथेच ठेवून मागे फिर, अशी येशूची शिकवण. तिच्यातून पिठाचा नियम शालूबाईच्या सासूनं, सरस्वतीबाईनं काढला होता. कोणा गोऱ्या साहेबानं तो शिकवला नव्हता आणि आसपासच्या दुसऱ्या कुठल्या मंडळीत तो नव्हता.

लोक खोटं बोलत नसत असं नाही. बेबीताई दोन वर्षं जावेशी बोलत नव्हती, तरी दर महिन्याला मूठ भरून पुढे यायची.

"अबोला नाही वो शालूबाई. आमाले बोलाचं कामच पडत नाही."

शालूबाई डब्याचं झाकण लावायची आणि अंगणातच उभी राहायची. ना उपदेश, ना रागावणं. शेजारच्या बायका पाहू लागायच्या, कोंबड्या पायाभोवती फिरायच्या, ऊन चढायचं. शेवटी बेबीताई पदर खोचून तणतणत जावेच्या दाराशी जायची आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "चुकलं माहं. झालं?" जाऊ आतून म्हणायची, "हाव, झालं." त्यात प्रेम नसायचं, पण पीठ यायचं. शालूबाईला तेवढं पुरायचं. मनातलं मोजायची वाटी देवानं आपल्याला दिलेली नाही, असं ती म्हणे.

ती लग्न होऊन या वस्तीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा मिशनच्या दवाखान्याची जीप चालवायचा. मुलगा हर्षल चार वर्षांचा असताना नवरा काविळीनं गेला, आणि दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी शालूबाईला चादरी-पट्ट्या धुण्याच्या कामावर घेतलं. तिथे तिला नूरजहां भेटली.

नूरजहां दवाखान्यात आया होती. नवऱ्यानं टाकलेली, पदरात फलक नावाची एक मुलगी. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. या दोघींनी अकरा वर्षं एका तांब्याच्या हंड्यात चादरी उकळल्या. एकीनं काठीनं ढवळायचं, दुसरीनं पिळायचं. पिळताना दोघी दोन टोकांना उभ्या राहायच्या आणि सगळ्या गावाची निंदा करायच्या. डॉक्टर मॅडम निवृत्त होऊन गेल्या, दवाखाना बंद पडला. जाताना त्यांनी नूरजहांला दवाखान्याच्या चाळीतली शेवटची खोली दिली. जिती आहेस तोवर राहा, म्हणाल्या. कागद केला नाही. तेव्हा कागदाची गरज कोणालाच वाटली नव्हती.

सरस्वतीबाईच्या हयातीतच नूरजहांच्या पिठाचा प्रश्न निघाला होता. पंचांपैकी कोणी तरी म्हणालं, ती तर मुसलमान. सासूनं विचारलं, "चाळीत चूल पेटते ना तिची? मंग मूठ घ्या." तेव्हापासून शेवटची मूठ नूरजहांची असे. ती भाकर खायला येत नसे, पण पीठ चाळून, स्वच्छ करून द्यायची. आणि दर वेळी काही तरी बोलायचीच.

"इतके वर्षं माहं पीठ खाऊन राह्यले तुमी लोकं. आता रमजानमध्ये रोजे धराले काय हरकत आहे?"

"तू आधी संडेस्कुलात ये," शालूबाई म्हणायची.

"ये म्हनते. बसाले बाक देशीन का सतरंजी?"

असं तीस वर्षं चाललं.

तीन वर्षांपूर्वी, नाताळाच्या आधी, वस्तीत एका घरी प्रार्थना चालू असताना मोटारसायकलींवर दहा-बारा पोरं आली. तुम्ही धर्म बदलवता का, यादी दाखवा, म्हणाली. मंडळीचे सचिव उत्तमराव जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, शांत माणूस. ते समजावू लागले तर त्यांना ढकललं. त्यांची मुलगी पुष्पांजली मोबाइलवर चित्रण करत होती, तिचा मोबाइल हिसकावून दगडावर आपटला. शेवटी कोणी तरी कारभारीभाऊंना फोन लावला. कारभारीभाऊ म्हणजे भागातले पुढारी. शाळा त्यांची, पतसंस्था त्यांची, निवडणुकीत माणसं त्यांची. त्यांचा एक शब्द गेला आणि पोरं निघून गेली.

त्या वर्षी नाताळाला कारभारीभाऊ चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले. केक कापला. मंडळीनं त्यांना शाल दिली. पुष्पांजली मात्र तेव्हापासून प्रार्थनेला येईना.

पुढच्या वर्षी भाऊंनी मंडळीच्या ताब्यात असलेली दवाखान्याची चाळ मागितली. चाळ डांबरी रस्त्याला लागून होती, तिथे त्यांना दुकानांचे गाळे काढायचे होते. बदल्यात चर्चला आणि कब्रस्तानाला पक्की भिंत बांधून देणार होते. भिंत हवी होतीच. कब्रस्तानातले क्रूस दोनदा उपटून टाकलेले सापडले होते.

पंच पाच. त्यात बायकांमधून एक, शालूबाई.

उत्तमराव ठरावाचा कागद घेऊन आले तेव्हा दुपार होती. शालूबाई ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती. सून जयमाला आत मशीनवर ब्लाउज शिवत होती.

"चार सह्या झाल्या, तुमची राहिली," उत्तमराव म्हणाले. "भिंतीचा ठराव आहे."

शालूबाईनं हात पुसले, चष्मा लावला, सही केली. उत्तमरावांनी चहा घेतला नाही, घाईत होते.

हे झालं गुरुवारी. शनिवारी ती डबा घेऊन फिरली, वस्तीतली चाळीस घरं झाली. बेबीताईनं त्या दिवशी एका विचारण्यात पीठ दिलं. मग ती चाळीत शेवटच्या दाराशी गेली. नूरजहां खाटेवर बसली होती. पिठाचा डबा पुढे आणलेला नव्हता.

"कोनाच्या मनात तुह्याबद्दल काही..." शालूबाईनं नेहमीसारखं सुरू केलं.

"माह्याबद्दल नाही," नूरजहां म्हणाली. "तुह्याबद्दल आहे."

शालूबाई हसली. तिला वाटलं, आज नवीन काही तरी काढलंय हिनं.

"काल भाऊचा मानूस आला होता. म्हने महिन्याभरात खोली खाली कर. मी म्हनलं, कोन सांगते? त्यानं कागदाचा फोटो दाखवला. मले मराठी वाचता नाही येत, पन तुही सही ओळखू येते. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये अकरा वर्षं पाह्यली."

शालूबाई उंबऱ्यावर बसली.

"मले भिंतीचा ठराव म्हनून सांगतलं वो नूर. मी वाचलंच नाही."

नूरजहां म्हणाली, "सकाळी बोट फिरवून फिरवून शास्त्र वाचते. हे वाचलं नाही."

"नाही वाचलं."

"बरं. जाय आता. या महिन्याले पीठ नाही."

शालूबाई घरी आली. चाळीस मुठींचं पीठ ओट्यावर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. जयमालानं विचारलं, "आत्याबाई, चूल पेटवू का?" ती नको म्हणाली.

रविवारी उपासनेत भाकरीचं ताट रिकामं होतं. पाळकसाहेबांनी शालूबाईकडे पाहिलं. ती बायकांच्या बाजूला उभी राहिली. तीस वर्षांत ती चर्चमध्ये उभी राहून बोलली नव्हती.

"भाकर भाजली नाही," ती म्हणाली. "एका घरून पीठ आलं नाही. माह्याच सहीनं त्या बाईचं छप्पर जाऊन राह्यलं. आपल्या सगळ्याईच्या भिंतीसाठी. मले भाजता नाही येत."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. उत्तमराव उठले. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, सावकाश.

"शालूबाई, तिचं दुःख मलाही आहे. पण ती मंडळीची सभासद नाही. आणि आपण चाळीस घरं. भाऊ आहेत म्हणून रविवारी आपली ढोलकी वाजते. सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांच्या अधीन राहा, हे शास्त्रातच आहे."

"येशूले कोनी मारलं, गुरुजी?" शालूबाईनं विचारलं. "चोराईनं का सत्तेवाल्याईनं?"

उत्तमराव खाली बसले. पाळकसाहेबांनी त्या रविवारी प्रभुभोजन न करताच आशीर्वाद दिला. बाहेर पडल्यावर शालूबाईला वाटलं होतं, दोन-चार जण तरी जवळ येतील. बेबीताई तेवढी आली. तिनं विचारलं, "भिंत व्हतेच ना पन?"

मंगळवारी शालूबाई एसटीनं बुलढाण्याला गेली. धर्मादाय संस्थांचे कागद जिथे पाहतात त्या कार्यालयाबाहेर एका अर्ज लिहिणाऱ्याकडून तिनं अर्ज लिहून घेतला. ठराव भिंतीचा आहे असं सांगून माझी सही घेतली, मी तो वाचलेला नाही, ही सही मला मान्य नाही, ठराव थांबवावा. आतल्या बाबूनं शिक्का मारून पोच दिली. चौकशी लागेपर्यंत चाळीला हात लावू नका, अशी नोटीस पंधरा दिवसांनी मंडळीच्या पत्त्यावर आली. इतक्या लवकर काही होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, शालूबाईलाही नाही.

पिठाच्या त्या शनिवारनंतर नूरजहां त्या दिवशी तिच्याशी पहिल्यांदा बोलली. चाळीसमोरच्या नळावर दोघींच्या घागरी शेजारी होत्या.

"सायबानं कागद पाठवला म्हनते."

"हाव."

"तुले कोनी काही बोललं नाही?"

"बोलतील ते बोलतील."

बोलले ते हर्षलशी. हर्षल कारभारीभाऊंच्या शाळेची बस चालवायचा. एक दिवस त्याला बोलावून सांगितलं, उद्यापासून चावी दुसऱ्याकडे द्या, तुमच्या आईला जागेच्या भानगडीतून वेळ मिळाला की पाहू. तो घरी येऊन ओट्यावर बसला. जेवला नाही.

"मी काय केलं?" त्यानं आईला विचारलं. "मले एवढंच सांग, माही चूक काय?"

"काही नाही," शालूबाई म्हणाली.

"मंग मलेच काऊन?"

ती आत जाऊन भाकरी थापू लागली. जयमालानं तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. मी करते." त्या दिवसापासून स्वयंपाकघरात सासूला कामच उरलं नाही. जयमाला उलटून बोलली नाही, ताट वाढून पुढे ठेवायची, पाणी ठेवायची. आपल्या आईशी फोनवर बोलायची ती मात्र सासूला ऐकू जाईल अशा बेतानं. "आमच्याकडे काय, देवमानूस आहे घरात. आमालेच उपाशी ठेवून दुसऱ्याचं घर वाचवून राह्यले."

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी शालूबाई घराबाहेर पडली नाही. उत्तमरावांनी मोताळ्याहून बेकरीचा ब्रेड मागवला. चौकोनी तुकडे करून ताटात मांडला. शालूबाई उपासनेला गेली, शेवटच्या बाकावर बसली. ताट आलं तेव्हा तिनं घेतलं नाही.

नूरजहां मात्र कंटाळली. नोटीस होती, तरी रोज कोणी ना कोणी यायचं. एकदा विजेची तार तोडली. एकदा रात्रीतून दारात मुरुमाची ट्रॉली रिकामी केली, सकाळी तिला खिडकीतून बाहेर काढावं लागलं. फलकचा फोन यायचा, अम्मी, कशाला हट्ट करतेस, इकडे ये. फलक लग्न होऊन जळगाव जामोदला दिलेली. तिचा नवरा तौसिफ तिथे टायर-पंक्चरचं दुकान चालवायचा. नूरजहांला लेकीच्या घरी, जावयाच्या पंख्याखाली म्हातारपण काढायचं नव्हतं. पण सत्तरीला आलेल्या बाईनं खिडकीतून किती दिवस ये-जा करायची?

दुसरा महिना संपता संपता तौसिफ पिकअप गाडी घेऊन आला. सकाळची वेळ. वस्तीतल्या बायका आपापल्या दारांतून पाहत होत्या, मदतीला कोणी आलं नाही. शालूबाई आली. तिनं न विचारता खाटेचं एक टोक धरलं. दुसरं तौसिफनं. मग भांडी, गोधड्या, शिलाईची पेटी, तीन कोंबड्या टोपलीखाली.

नूरजहां शेवटी रिकाम्या खोलीत जाऊन आली. तिच्या हातात पिठाचा डबा होता. चेहरा निवळलेला होता. कदाचित आता भांडून काही राहिलं नाही म्हणून असेल.

"शालू," ती म्हणाली, "आन तुहा डबा. घेऊन जाय हे पीठ. शनिवार नाही आज, पन घे. तिकडे फलकच्या घरी नेऊन काय करू?"

शालूबाई गोधड्या नीट लावत राहिली.

"तुही काय गलती? उत्तमरावानं फसवलं तुले. दोन महिने मी त्यालेच शिव्या देऊन राह्यली. तुह्या पोराची नोकरी गेली माह्यापायी, ते मले काय कळत नाही? आन डबा."

हे ऐकायला शालूबाई दोन महिने तळमळत होती. पितळी डबा घरी होता, वीस पावलांवर. ती वळली. चार पावलं गेली आणि थांबली. परत आली.

"नूर, मी वाचलं होतं."

"काय?"

"तो ठराव. सही कराच्या आधी. सगळा नाही. पन चाळ पाडून जागा देनार, ही ओळ वाचली होती. डोळ्यासमोरच होती."

नूरजहां डबा धरून उभी राहिली.

"मंग?"

"मले वाटलं, तुही काही तरी सोय करतीनच. इचारावं असं मनात आलं. उत्तमराव घाईत होते. इचारलं तं वाईट दिसन असं वाटलं. आन भिंत पाह्यजे होती मले. हर्षलच्या बापाच्या कबरीवरचा क्रूस दोन खेपा उपटला होता."

"उंबऱ्यावर बसून मले काय म्हनली होती तू?"

"वाचलं नाही म्हनलं."

"सायबाच्या कागदात?"

"त्यातही तसंच."

"काऊन?"

"भ्याले," शालूबाई म्हणाली.

तौसिफ गाडीत बसून हॉर्न वाजवणार होता, त्यानं हात मागे घेतला. नूरजहांनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. दोनदा दाबून पाहिलं. मग डबा गोधड्यांच्या मधे नीट खोचून ठेवला, सांडू नये असा.

"हे सांगतलं नसतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता काय जाऊनच राह्यली होती मी. जाताना इथं माहं एक मानूस राह्यलं असतं."

तौसिफनं तिला हात देऊन पुढे बसवलं. गाडी गेली.

शालूबाई त्याच आठवड्यात पुन्हा बुलढाण्याला गेली. त्याच अर्ज लिहिणाऱ्याकडे. या खेपेला तिनं लिहून दिलं की आधीच्या अर्जात मी वाचलं नाही म्हटलं ते खोटं होतं. मी वाचून सही केली, ती चूक होती, आणि ठराव अन्यायाचा आहे म्हणून तो रद्द करावा. अर्ज लिहिणारा माणूस अनुभवी होता. तो म्हणाला, "मावशी, असं लिहिलं तर तुमचं प्रकरणच राहत नाही. फसवून सही घेतली एवढाच तुमचा मुद्दा होता. खोलीतली बाईही सोडून गेली. हे देऊ नका."

"लिव्हा," शालूबाई म्हणाली.

त्यानं लिहिलं. आणि तसंच झालं. महिन्याभरात नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. उत्तमराव ते घेऊन तिच्या घरी आले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता. ते ओट्याच्या कडेला बसले, पत्राची घडी करत, उघडत.

"तुम्ही खोटंच राहू दिलं असतं तर मी कदाचित हरलो असतो," ते म्हणाले.

"हाव."

"मला हरायला चाललं असतं, शालूबाई. त्या ठरावापासून पुष्पांजली माझ्याशी बोलत नाही."

शालूबाईनं त्यांना चहा करून दिला. जयमाला बाहेर गेली होती, म्हणून करता आला.

चाळ एका सकाळी पाडली. जेसीबीला तासभरही लागला नाही. भिंत खरंच झाली, चांगली झाली, दोन्हीकडे. कब्रस्तानातला क्रूस पुन्हा कोणी उपटला नाही. गाळे झाले, त्यातल्या एकात कृषी केंद्र आहे, एकात मोबाइलचं दुकान. हर्षल आता मलकापूरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी चालवतो, पंधरा दिवसांनी येतो. आला की आईच्या पायाशी बसतो, पण त्या विषयावर बोलत नाही. जयमालाही हल्ली बोलते, मीठ आहे का, पाणी आलं का, एवढं. खरं बोलून कोणाचं भलं झालं, असं तिनं एकदाच विचारलं होतं, भांडी घासता घासता. शालूबाईनं खूप विचार करून सांगितलं, "कोनाचंच नाही वो." जयमालाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ती घासलेलं भांडं पुन्हा घासत राहिली.

शालूबाईनं जळगाव जामोदला तीन वेळा निरोप धाडला, येऊ का म्हणून. उत्तर आलं नाही. न बोलावता जायचं तिचं धाडस झालं नाही. मागच्या हिवाळ्यात फलकचा जयमालाच्या मोबाइलवर फोन आला. अम्मी गेली. दफनविधी झाला. तुमच्या सासूबाईंना सांगा.

शालूबाई दुसऱ्या दिवशी निघाली. मोताळा, नांदुरा, मग जळगाव जामोदची गाडी. सातपुड्याकडून थंड वारा येत होता आणि खिडकीची काच बंद होत नव्हती. फलकचं घर दुकानाच्या मागे होतं. घरात बायका बसल्या होत्या. फलकनं तिला आतल्या खोलीत नेलं, त्याच खाटेवर बसवलं.

दोघी जरा रडल्या. मग शालूबाईनं विचारलं, "माह्याबद्दल काही बोलली का?"

फलक आईवर गेली होती, आडपडदा नाही.

"तुमचे निरोप यायचे ते मी सांगायची. ती गप बसायची. शेवटच्या आठवड्यात म्हनली, शालू आली तर तिले बाहेर नको बसवू, आत बसव. चहा दे. तिले साखर जास्त लागते."

"आन?"

"आन काही नाही."

"माफ केलं, असं नाही म्हनली?"

फलकनं मान हलवली. "खोटं सांगू का मावशी तुम्हाले? नाही म्हनली."

"नको," शालूबाई म्हणाली. "खोटं नको सांगू."

फलकनं चहा आणला. साखर जास्त होती. शालूबाईनं तो पूर्ण संपवला, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि तीनच्या गाडीनं परतली.

कोथळवाडीत आता नवीन पाळकसाहेब आलेत, तरुण आहेत. त्यांना कोणी तरी सगळं सांगितलं असावं. ते एकदा घरी आले. पश्चात्ताप केलेल्याला देव क्षमा करतो, म्हणाले. तुम्ही तर खरं सांगण्यासाठी सगळं घालवलंत, तुम्ही भाकर घेतलीच पाहिजे.

"देवानं केली अशीन माफ," शालूबाई म्हणाली. "पन मी त्याचं छप्पर नव्हतं काढलं."

"ती बाई आता नाही, आजी. कोणाकडून माफी मागणार?"

"म्हनूनच तं."

पाळकसाहेबांनी डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना केली. तिनंही डोळे मिटले. शेवटी आमेन म्हणाली, त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली, अंगणात घसरडं झालंय, जपून जा म्हणाली.

ती एकही रविवार चुकवत नाही. बेकरीच्या ब्रेडचं ताट बाकाबाकावरून फिरत येतं. शालूबाई ते दोन्ही हातांनी घेते, क्षणभर धरते आणि शेजारी बसलेल्या बेबीताईकडे देते.